बंदरावरच्या मांजरांचं काय करायचं?

आम्ही रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यातल्या, सुकी मासळी करून विकणाऱ्या बायका. आमचा बचत गट आहे. आज आम्ही भावाबद्दल बोलणार नाही, कर्जाबद्दलही नाही. आज विषय आहे मांजरं. आणि त्यांची नसबंदी.

हसून घ्या आधी. आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा आम्हीही हसलो होतो.

पण हसण्यासारखं काही घडलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत आमच्या वाडीत कोणीतरी मासळीत विष कालवून खळ्याच्या कडेला ठेवलं. कोणी ठेवलं ते उकरण्यात आम्हाला रस नाही. सकाळी बोंबील घालायला गेलो तर वलांडीखाली मांजरं आडवी पडलेली. नुसती मांजरं नव्हती. त्या मासळीवर बसलेले कावळे मेले, एक कुत्री मेली, एका घरच्या कोंबड्या मेल्या. आणि बायांनो, त्याच खळ्यावर आपली पोरं अनवाणी खेळतात, खाली सांडलेला जवळा उचलून तोंडात टाकतात. कुठे काय सांडलंय हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून त्या दिवशी खळ्यावरचा सगळा माल आम्ही खड्डा करून पुरला. कोणाचा किती गेला ते मोजलं नाही, मोजवलंच नाही.

मग वाडीत दोन तट पडले. एक म्हणे, विष घालणाऱ्याचं काय चुकलं? मांजरं किती माजलीत बघा, वाळत घातलेली मांदेली ठेवत नाहीत, टोपलीवरचं फडकं ओढतात, छपरात हगतात, रात्रभर भांडतात. दुसरा म्हणे, मांजर मारणं पाप आहे, त्याला काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं. आमच्या गटातही दोन्हीकडच्या होत्या. आणि खरं सांगायचं तर दोन्हीकडचं म्हणणं खरं होतं. मांजरांनी नुकसान होतं हे खरं, आणि विष घालणं वाईट हेही खरं. प्रश्न एवढाच होता की विष घालून, पोत्यात भरून खाडीपलीकडे सोडून, पिल्लं पाण्यात बुडवून, हे सगळं आमच्या वाडीत पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं असताना मांजरं कमी का होत नव्हती?

आम्ही तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना जाऊन विचारलं. त्यांनी आम्हाला सणांच्या हिशेबात समजावलं. तोच हिशेब तुम्हाला सांगतो, कारण तो एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं आपोआप कळतं.

मांजराची मादी, आपण जिला भाटी म्हणतो, ती चार ते सहा महिन्यांची झाली की माजावर येते. गाभण राहिली की साधारण नऊ आठवड्यांत विते. एका वेताला तीन-चार-पाच पिल्लं. आणि पिल्लं अंगावर पीत असतानासुद्धा ती पुन्हा माजावर येऊ शकते. आपल्याकडे थंडी कडक नाही, दिवस फार लहान होत नाहीत, त्यामुळे जवळजवळ वर्षभर हे चालू राहतं. आता धरा की एक भाटी संक्रांतीला गाभण राहिली. होळी-पाडव्याच्या सुमारास चार पिल्लं. अक्षय्य तृतीयेला पुन्हा गाभण, आषाढी एकादशीच्या आसपास आणखी चार. गणपतीत पुन्हा गाभण, तुळशीच्या लग्नाला आणखी चार. होळीला झालेल्या चारांतल्या दोन माद्या धरल्या, तर गणपतीपर्यंत त्या सहा महिन्यांच्या झाल्या, त्याही गाभण. तुळशीच्या लग्नाला त्यांची मिळून आठ पिल्लं. म्हणजे संक्रांतीला एक होती, तिथे तुळशीच्या लग्नाला एकवीस.

एकवीस जगतात का? नाही जगत. रस्त्यावरच्या मांजराची निम्म्याहून जास्त पिल्लं सहा महिन्यांची व्हायच्या आत जातात. गाडीखाली, कुत्र्याच्या तोंडी, जुलाब लागून, डोळे चिकटून, उपाशी. ती मरताना आपण बघतोच की. जाळ्यांच्या ढिगात, होडीच्या खाली, संडासामागे. तेव्हा नसबंदी म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ असं ज्या म्हणतात त्यांना आमचं एवढंच विचारणं आहे, की जन्माला येऊन महिन्याभरात किडे पडून मरणं हे देवाचं काम आहे का?

आता मारून कमी का होत नाहीत ते ऐका. मांजरं वाडीत येतात ती मासळीच्या घाणीसाठी. धक्क्यावर डोकी, आतडी, पायाखाली तुडवलेली कोळंबी. जेवढं खाणं तेवढी मांजरं. तुम्ही दहा मारली तर दहांचं खाणं शिल्लक राहतं. मग शेजारच्या वाडीतले बोके येतात, उरलेल्या भाट्यांची पिल्लं जास्त जगतात, आणि वर्षा-दीड वर्षात पुन्हा तेवढीच. खाडीपलीकडे सोडलेल्यांचंही तसंच. काही परत येतात, आणि जी येत नाहीत ती तिकडच्या बायांच्या डोक्याला ताप. त्या त्यांची इकडे आणून सोडतात. आमची मांजरं तिकडे, त्यांची इकडे, अशी ही वाहतूक चालू होती.

डॉक्टरबाईंनी एका बेटाची गोष्ट सांगितली, ती आमच्या सगळ्यांच्या लक्षात राहिली. दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात मॅरियन नावाचं एक थंड बेट आहे, माणसांची वस्ती नाही, फक्त हवामानाचं केंद्र. तिथे उंदीर फार झाले म्हणून १९४९ साली पाच मांजरं नेली. पाच. १९७७ पर्यंत त्यांची सुमारे ३४०० झाली आणि वर्षाला लाखांनी समुद्रपक्षी खाऊ लागली. मग सरकारनं मांजरांत रोग सोडला, बंदुका घेऊन रात्री माणसं फिरवली, सापळे लावले, विष घातलं. १९९१ पर्यंत सगळी संपवली. चौदा वर्षं लागली, तेही चहूबाजूंनी पाणी असलेल्या बेटावर, जिथे बाहेरून एकही मांजर येऊ शकत नव्हतं. आणि पुढे काय झालं? उंदीर वाढले. आता तिथले उंदीर घरट्यात बसलेल्या मोठमोठ्या पक्ष्यांना जिवंत कुरतडतात.

आम्हाला ही गोष्ट का पटली तर आमच्याकडेही उंदीर आहेतच. जाळी कुरतडतात, तांदूळ नासतात, आणि पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो हे कोकणात कोणाला सांगायला नको. मांजरं असली की उंदीर थोडे दबून असतात. तेव्हा आम्हाला वाडीत एकही मांजर नको असं नाहीच. मोजकी हवीत, धट्टीकट्टी हवीत, आणि दरवर्षी नव्यानं भर पडायला नको.

यासाठी जी रीत आहे ती सोपी आहे. मांजर पिंजऱ्यात धरायचं, डॉक्टरकडून नसबंदी करून घ्यायची, रेबीजची लस टोचायची, आणि जिथून धरलं तिथेच परत सोडायचं. परत सोडायचं यावर आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद झाला. एवढा खटाटोप करून पुन्हा इथेच? हो, इथेच. कारण ती आपली जागा धरून बसते, बाहेरच्याला सहज येऊ देत नाही, आणि पिल्लं घालत नाही. इंग्लंडमध्ये बायकांनीच १९७०च्या दशकात ही चळवळ उभी केली. इटलीत १९९१ सालापासून कायदाच आहे, की भटक्या मांजरांना मारायचं नाही, नसबंदी करून त्यांच्या जागी सोडायचं. रोम शहराच्या मधोमध जुन्या देवळांचे पडके चौथरे आहेत, तिथे अशी मांजरं राहतात आणि लोक त्यांना बघायला येतात. आपल्याकडे मुंबई महापालिकेनंही कुत्र्यांपाठोपाठ मांजरांच्या नसबंदीचं काम घेतलं आहे.

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण वाडीत कोणी दादागिरी केली तर उपयोगी पडतं. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० सालचा आहे. उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर नेऊन टाकणं हासुद्धा त्यात गुन्हा आहे. विष घालून मारलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आम्ही पोलिसांत गेलो नाही. पण हे कलम ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि त्यानंतर आमच्या खळ्यावर विष पडलेलं नाही.

आता प्रत्यक्ष काम. पहिलं काम मोजणीचं. आम्ही वाडीचे चार भाग केले आणि दोघी-दोघींनी पहाटे आणि संध्याकाळी, खाण्याच्या वेळेला, मांजरं लिहून काढली. एका वहीत, एका मांजराला एक ओळ. नावं ठेवली नाहीत असं ठरलं होतं, पण ठेवल्याशिवाय लक्षात कुठे राहतात? लांडी, पांढरपायी, इंजिनवाली, चेअरमन. चेअरमन हा सोसायटीच्या गोदामावर बसणारा जाडा बोका. एक खूण सांगतो, ती उपयोगी आहे. पांढरा, काळा आणि तांबूस असे तीन रंग एकाच अंगावर असले तर ते मांजर जवळजवळ नेहमी भाटीच असतं. तांबडं असलं तर बहुतेक वेळा बोका. लांबूनच वहीत लिहिता येतं.

मोजणीत आम्हाला एक आजी सापडल्या. सापडल्या म्हणजे काय, आमच्याच वाडीतल्या, एकट्या राहणाऱ्या, रोज भाताला मासळीचं पाणी लावून मांजरांना घालणाऱ्या. अशी एखादी आजी प्रत्येक वाडीत असतेच. अर्धी वाडी त्यांच्यावर चिडलेली होती, यांच्यामुळेच मांजरं वाढली म्हणून. आम्ही त्यांच्याकडे भांडायला गेलो नाही, मदत मागायला गेलो. कारण कोणती भाटी कुठे व्याली, कोणती अंगावर पाजते, कोणता बोका माणसाला जवळ येऊ देतो, हे साऱ्या गावात फक्त त्यांना ठाऊक होतं. त्यांना एकच विनंती केली, की आजी, खाणं रोज एकाच जागी, एकाच वेळी घाला, आणि अर्ध्या तासानं भांडं उचला. पंधरा दिवसांत मांजरं घड्याळ लावल्यासारखी तिथे जमायला लागली. पकडण्याचं निम्मं काम तिथेच झालं.

दुसरं म्हणजे वेळ कुठली निवडायची. इतर गावांचं आम्हाला माहीत नाही, पण बंदरावरच्या गावांसाठी आमचं मत पक्कं आहे: मासेमारी बंदीचा काळ. १ जून ते ३१ जुलै होड्या वर ओढलेल्या असतात, धक्का कोरडा असतो, मांजरं भुकेली असतात. एरवी चोहीकडे ताजी मासळी पडलेली असताना पिंजऱ्यात कोण कशाला शिरेल? बंदीत भाजलेल्या सुक्या बांगड्याचा वास आला की चेअरमनसुद्धा आत गेला. आपल्यालाही त्या दिवसांत थोडी सवड असते. अडचण एकच, पाऊस. शस्त्रक्रिया झालेलं मांजर ओलं होता कामा नये, गारठता कामा नये. आम्ही सोसायटीच्या लिलावाची शेड मागून घेतली. बंदीत ती रिकामीच असते.

डॉक्टर कुठून आणायचे हा खरा प्रश्न. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशी-शेळ्यांचं काम मोठं असतं, मांजराच्या शस्त्रक्रियेचं सामान आणि भूल देण्याची सोय प्रत्येक ठिकाणी नसते. तरी तिथूनच सुरुवात करा, कारण कोण हे काम करतं हे त्यांना माहीत असतं. जिल्ह्याला प्राणी क्लेश प्रतिबंधक समिती असते, तिथे अर्ज करता येतो. आणि प्राण्यांचं काम करणाऱ्या संस्था असतात, त्या शिबिर घेतात. संस्था आली की तिच्याकडे एक कागद मागा: भारतीय प्राणी कल्याण मंडळाची मान्यता. २००१ साली आलेले नियम फक्त कुत्र्यांसाठी होते, २०२३ साली त्यांच्या जागी प्राणी जन्म नियंत्रण नियम आले, आणि अशी शिबिरं घेणाऱ्याला ही मान्यता लागते. कागद मागायला लाजू नका. आपल्या बायकांच्या शस्त्रक्रियेच्या शिबिरांत काय काय झालेलं आहे ते आपण ऐकलेलं आहे. मुक्या जनावराच्या वतीनं विचारणारं तर कोणीच नसतं.

खर्चाचं म्हणाल तर शस्त्रक्रियेचा भार संस्थेनं उचलला. टेम्पो, खाणं, जुनी वर्तमानपत्रं, डॉक्टरांचं जेवण हे आमच्या गटानं केलं. ग्रामपंचायतीनं पहिल्या वर्षी हात वर केले. दुसऱ्या वर्षी वीज दिली, पाणी दिलं आणि फोटो काढला.

पकडताना हातानं धरायचं नाही, कितीही ओळखीचं असलं तरी. घाबरलेलं मांजर चावतं, आणि त्याचे दात सुईसारखे खोल जातात. पिंजरा लावायचा, तळाला वर्तमानपत्र, आत टोकाला मासळी. दार पडलं की लगेच वरून कापड टाकायचं. अंधार झाला की मांजर शांत होतं. आम्ही जुनी लुगडी वापरली. एका पिंजऱ्यात एकच मांजर. शस्त्रक्रियेआधी पोट रिकामं लागतं, नाहीतर भुलीत उलटी होऊन श्वास अडकतो, म्हणून संध्याकाळी धरलं की रात्रभर खाणं नाही. लहान पिल्लांना इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत, त्यांचं डॉक्टर सांगतील तसं. पिल्लू दोन महिन्यांचं, किलोभर वजनाचं झालं की त्याचीही नसबंदी होऊ शकते.

भाटी धरली की पोटाखाली बघा. आचळं फुगलेली, केस झडलेले असले तर कुठेतरी पिल्लं आहेत. मग पहिला नंबर तिचा, आणि शुद्धीवर येऊन ठीक चालायला लागली की डॉक्टरांना विचारून तिला लवकर सोडायचं. शस्त्रक्रिया झाली तरी ती पाजू शकते. पिल्लं अगदी डोळे न उघडलेली असतील तर आम्ही तिला सरळ सोडून देतो आणि पिल्लं खायला लागली की परत धरतो. दिवस भरत आलेल्या भाटीलाही आमच्याकडे सोडतात. यावर आमच्यात एकमत नाही. काहीजणी म्हणतात, मग आणखी चार आली की. त्यांचं गणित बरोबर आहे. पण शेडमध्ये उभ्या असलेल्या आमच्यातल्या कोणाचं मन तयार झालं नाही, आणि डॉक्टरबाईंनीही आग्रह धरला नाही.

भाटीचं गर्भाशय आणि अंडाशय काढतात. बोक्याची शस्त्रक्रिया अगदी किरकोळ, काही मिनिटांची. हे डॉक्टर सांगत होत्या तेव्हा आमच्यातली एक पटकन म्हणाली, म्हणजे इथेही बोक्याचं सोपं आणि आधी नंबर भाटीचाच! सगळ्या शेडमध्ये हशा पिकला, सोसायटीचे पुरुष तेवढे गप्प. पण इथे कारण आहे. दहा बोक्यांतल्या नऊंची केली आणि एक राहिला, तर तो एकटा सगळ्या भाट्या गाभण करतो. पिल्लं थांबवायची तर भाट्याच धरायला हव्यात, दहातल्या सात-आठ तरी, आणि त्याही थोड्याच दिवसांत. वर्षाला दोन-तीन केल्या तर काही फरक पडत नाही, उरलेल्या भरून काढतात. बोक्यांची नसबंदी आम्ही करतोच. ती केली की रात्रीची भांडणं, ते रडल्यासारखं ओरडणं आणि भिंतींवर मुतून ठेवणं कमी होतं. वाडीला सगळ्यात आधी जाणवला तो हाच फरक.

भुलीत असतानाच डॉक्टर कानाचं टोक सरळ कापतात. नखाएवढं. हे बघून एक-दोघी कळवळल्या. पण ती खूण नसेल तर पुढच्या वर्षी तेच मांजर धरून, भूल देऊन, पोट उघडून मग कळायचं की हिची झालेली आहे. जपानमध्ये कानाला खाच देतात, चेरीच्या फुलाच्या पाकळीसारखी दिसते म्हणून तिथे अशा मांजरांना चेरीमांजर म्हणतात. आमच्याकडे कानकापी म्हणतात. ज्याचं जसं.

शस्त्रक्रियेनंतर मांजर पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत अन्न नाही. कोरडं ठेवायचं, अंगावर फडकं घालायचं. बोक्याला एक रात्र, भाटीला टाका सुकेपर्यंत, डॉक्टर म्हणतील तितके दिवस. आणि हे फार महत्त्वाचं: कळवळून आपल्या घरातली तापाची गोळी मांजराला देऊ नका. पॅरासिटामॉल हे मांजराला विष आहे. अर्ध्या गोळीनंही मांजर दगावू शकतं.

चावलं, ओरखडलं तर? जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यायची, ती तिथे फुकट असते. दंडात कातडीमध्ये दिली तर पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा जावं लागतं. जखम खोल असेल तर जखमेतही वेगळं औषध भरतात. रेबीज कुत्र्यापासूनच होतो असं समजू नका, मांजरापासूनही होतो, आणि एकदा लक्षणं दिसली की उपाय नाही. गरोदर बायांनी मांजराची घाण काढू नये. त्यातून एक रोग बाळाला होऊ शकतो. परसात माती उकरली तर हात नीट धुवावेत. म्हणून घरातलं मांजर हाकलायची मात्र गरज नाही.

यानं चोरी थांबते का, असं प्रत्येक गावात विचारतात. सरळ उत्तर: दुसऱ्या दिवशी थांबत नाही. नसबंदी झालेल्या भाटीलाही बोंबील आवडतोच. शिंकं तुटलं की बोक्याचं फावणारच. त्यासाठी वलांडीच्या खालच्या ओळींना जुन्या जाळ्यांचा पडदा, जवळा जमिनीवर न घालता उंच मांडवावर, आणि धक्क्यावरची घाण रोजच्या रोज खड्ड्यात. खड्ड्यात टाकून वर माती नाही ओढली तर मात्र तो मांजरांसाठी मांडलेला पंगतीचा पाटच. आमच्याकडे घाणीचं काम नसबंदीपेक्षा अवघड गेलं, कारण त्याला डॉक्टर येत नाही, रोज कोणीतरी उठून करावं लागतं. सध्या गटानं पाळ्या लावल्या आहेत. दोन आळ्या पाळतात, एक पाळत नाही. त्या आळीचं नाव आम्ही रेडिओवर घेणार नाही, पण त्या ऐकतायत हे आम्हाला माहीत आहे.

फरक कशात दिसला? या वर्षी होळीनंतर जाळ्यांच्या ढिगात पिल्लांचा आवाज एकाच ठिकाणी आला. आधी प्रत्येक ढिगात यायचा. मोठी मांजरं तेवढीच आहेत, ती आपल्या मरणानं कमी होतील, त्याला वर्षं लागतील. वहीत आता दोन खुणा असतात, कान कापलेलं आणि न कापलेलं. न कापलेल्यांत लांडी अजून आहे. दोन बंदी झाल्या, ती पिंजऱ्याबाहेर बसून आत गेलेल्यांकडे बघत असते. आजी म्हणतात, ती आपल्यापेक्षा शहाणी आहे. बाहेरूनही दोन नवीन भाट्या आल्यात, एक तिरंगी आणि एक राखाडी, बहुधा पलीकडच्या वाडीतून. म्हणून पलीकडच्या वाडीच्या गटाशी आम्ही बोललो आहोत. या बंदीत दोन्ही वाड्यांचं शिबिर एकत्र होणार आहे, शेड आमची, टेम्पो त्यांचा.

मोजणी येत्या रविवारी पहाटे साडेपाचला सुरू होईल. ज्यांना यायचंय त्यांनी धक्क्याजवळ जमावं. येताना बॅटरी आणा, जुनी लुगडी असतील तर तीही आणा. आणि घरात व्यालेली भाटी असेल तर ती कुठे आहे आणि पिल्लांचे डोळे उघडले का, तेवढं आजींकडे सांगून ठेवा.